पॅनेलमागे

पुण्याहून आल्या मैथिली कारखानीस,
हातात मोजपट्टी, मानेला निळा पट्टा,
म्हणाल्या, ऑफिसात निसर्ग आणू या.
भाट्याच्या खाडीला तेव्हा भरती होती.
आम्हाला ती दिसत नव्हती,
खिडकीपुढे कपाट आहे,
त्यात बोटींच्या विम्याचे जुने दावे:
बुडालेल्या, जळालेल्या,
नुसत्याच न परतलेल्या.

त्यांनी कागद वाटले. एक ते पाचमध्ये सांगा,
कामाच्या जागी किती बरं वाटतं?
होडेकरने तीन लिहिलं,
होडेकर सगळीकडे तीनच लिहितो.
शर्वाणीने पर्समधून डोळ्यांचे थेंब काढून
कागदावर वजन म्हणून ठेवले.
मी दोन लिहिलं, मग खोडून चार,
साहेब मागे उभे होते.

महिन्याने सामान आलं.
शेवाळाची चटई, जिला पाणी लागत नाही.
छतातल्या स्पीकरमधून ओढा,
दर वीस मिनिटांनी तोच बेडूक.
माझ्या टेबलामागच्या भिंतीसाठी
दगडासारखा दिसणारा कागद, तांबूस, भोकाभोकांचा.
बोट फिरवलं तर गुळगुळीत.

कागद लावायला आधीचं पांढरं पॅनेल काढायला हवं.
विनू घागने पहार घातली,
खिळे कुरकुरले, चुऱ्याचा ढग उठला,
आणि आत
जांभा.

तासणीच्या खुणांसकट, ओळीने, उघडा.
विहिरीत डोकावल्यावर लागतो
तसा गारवा तोंडावर आला.
वर, जिथे एसीचं पाणी झिरपायचं,
तिथे सांध्यात एक नेचा होता,
फिकट, वितीएवढा,
पॅनेलच्या फटीतून येणाऱ्या ट्यूबलाइटवर वाढलेला.
म्हणजे आमच्यासारखाच.
तेरा वर्षं माझ्या पाठीशी
कोणी तरी तेच पाणी, तोच उजेड खात होतं
आणि पानं काढत होतं.

विनूने भिंतीला नाक लावलं.
"ह्यो चिरा जिता हाय, बाय.
निवळीकडचा आसंल. बापूस माझा तितंच व्हता, खानीवर."
मैथिलीबाईंनी तळवा टेकवला, काढला,
लाल झालेला बघत राहिल्या.
दगडाच्या कागदाची गुंडाळी काखेतच होती.
मग बाहेर जाऊन पुण्याला बराच वेळ बोलल्या.

कपाट शनिवारी आम्हीच हलवलं.
खिडकीची कडी गंजलेली,
होडेकरने पॅराशूटची बाटली आणली.

आता खरं सांगायचं तर:
नेचा आठवड्यात काळा पडला,
एवढा उजेड त्याला झेपला नाही.
खाऱ्या वाऱ्याने प्रिंटर दोनदा बिघडला.
राजिवड्याकडून दुपारी सुकटीचा वास येतो,
साहेब रुमाल धरतात, शर्वाणीला भूक लागते.
तिचे थेंब मात्र दोन महिने तिथेच आहेत, भरलेले.
बेडूक बंद केलाय.

आणि मला खाडी दिसते.
काल न परतलेल्या बोटीचा दावा आला,
अर्जदार हलीमा सोलकर, बोटीचं नाव 'नूरजहाँ',
नुकसानीचे कारण, या रकान्यात तिने
फक्त 'दर्या' असं लिहिलं होतं.
पूर्वी मी नियमाप्रमाणे 'नैसर्गिक आपत्ती' टाइप करून
पुढे गेले असते.
काल मान वर केली
आणि तो समोरच होता,
ओहोटीचा, चकचकीत, जसं काही त्याने काहीच केलं नाही.
मी उठून पाणी प्यायले.
परत बसले. 'दर्या' तसंच ठेवलं.

आज पुन्हा तो कागद आलाय.
एक ते पाच.
साहेब मागे नाहीत, मागे भिंत आहे.
पेन हातात घेऊन
खुर्ची वीतभर मागे सरकवते,
ब्लाउजमधून पाठीला
जांभ्याचा गारवा लागेपर्यंत.