डोळा खाली

कन्नमवार नगर, तळमजला, मोरीमागचा तुकडा:
माझी बारा पावलं, कौमुदीची एकोणीस.
मोजणीपासूनच भांडण.

चार वर्षं तिथे आम्ही नुसतं टाकत आलो.
बाथरूम नवं केलं तेव्हाच्या निळ्या टाइल्स,
मखराचं थर्माकोल, कुकरच्या ताठरलेल्या रिंगा,
आणि वरच्या चार मजल्यांवरून पडलेलं
ज्याला कुणी वाली नाही ते सगळं.
भाऊंचं फावडं तेवढं टाकलं नव्हतं.
दाराआड उभं होतं,
कपडे वाळत घालायच्या काठीला सोबत.

भाऊंना झटका आला त्या आठवड्यात
वेलावर वालाच्या शेंगा भरल्या होत्या.
कुणाला सुचणार होतं तोडायचं.
दवाखान्यातून भाऊ परतले ते एकच शब्द घेऊन: नाही.
चहा हवाय? नाही, म्हणतात,
आणि कप पुढे ओढतात.

शाळेच्या प्रकल्पाला विषय हवा होता, निमित्त एवढंच.
पहिल्या रविवारी एकवीस गोण्या डेब्रिज निघालं.
गिरीशला फावडं धरता येत नाही
हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळलं.
भाऊंना आधीपासून ठाऊक असावं;
खुर्चीतून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

अद्वयने बरणीत माती घातली, पाणी घातलं,
खूप हलवून फ्रिजवर ठेवली.
सकाळी खाली वाळू, मधे गाळ, त्यावर चिकणमाती,
आणि अगदी वर, तरंगत,
थर्माकोलचे चार दाणे.
"हेही वहीत काढू?"
काढ, म्हटलं. आपलंच आहे.

वाल पेरताना कौमुदीने प्रत्येक दाण्याचा डोळा वर केला.
त्याला दिसायला नको का?
नाही, भाऊ म्हणाले.
तिने एक सोडून बाकी सगळे उलटे केले.
तो एक उगवला चार दिवस उशिरा,
मातीत आकडा घालून, मान मुरगळून,
पण उगवला.
ती त्याला रोज आधी पाणी घालते.

आता तिच्या वहीत एक पान आहे: 'भाऊंचे नाही'.
लांबलेलं नाही: पाणी पुरे.
दोनदा, पटपट: हात काढ, मूळ दुखतंय.
नाकातून: चालेल, पण मी असं केलं नसतं.
गिरीश ते पान रात्री वाचतो, आम्ही झोपल्यावर.
मी झोपलेली नसते.

मिरच्या घुशींनी उकरल्या. भेंडीवर मावा पडला.
माठ मात्र इतका आला की दुसऱ्या मजल्यावरच्या मेस्त्रीबाई
आम्हाला पाहून जिन्यात वळायला लागल्या.

आणि पडवळ.
त्याच्या टोकाला वजन बांधायचं असतं, नाहीतर तो वेटोळतो,
हे भाऊंनी डाव्या हाताने, हवेत, तीनदा दाखवलं.
दगड मिळेना. अद्वयने गोणीतून
निळ्या टाइलचा तुकडा काढला, सुतळीने बांधला.
शेजारचा एक मुद्दाम मोकळा सोडला,
निरीक्षणासाठी.

आज एक सरळ लोंबतोय
आमचं जुनं बाथरूम टोकाला घेऊन.
दुसरा मांजराच्या शेपटीसारखा
तारेभोवती स्वतःतच गुंतलाय.
"भाऊ, कुठला तोडू?"

नाही.

लांब नव्हतं ते, पटपटही नव्हतं.
कौमुदीने वही उघडली, बोट पानावरून खाली नेलं,
पुन्हा वर आणलं.
मग कानामागची पेन्सिल काढून
एक नवी ओळ आखली,
आणि तिच्यापुढची जागा कोरी ठेवून
भाऊंच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली.