फक्त कागद

पोलनाच्या चौकात माझं तंबाखूचं दुकान,
बसथांब्याला लागून.
महिन्यातून एकदा लिबूशे बाई यायची,
सत्तरी ओलांडलेली,
इस्पितळात तीस वर्षं एक्स-रे काढलेली.
सिगारेट वळायचा कागद मागायची, सगळ्यात पातळ.
तंबाखू?
नको. फक्त कागद.

मी कशाला विचारू?
दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या फुप्फुसात डोकावू नये.

मग एकदा तिचा राडिम आला यिह्लावाहून,
बाहेर गाडी चालूच ठेवून.
"आईला कागद देऊ नका.
तिच्या स्वेटरला धुराचा वास येतो.
अकरा वर्षांपूर्वी सोडली होती तिनं."
मी हो म्हणालो असेन.

पुढच्या शुक्रवारी तिला सांगितलं, संपलेत.
मागच्या फळीवर तेरा पाकिटं होती,
तिला दिसत होती.
रागावली नाही. माझ्या बोटांकडे पाहत म्हणाली,
"हात स्थिर आहे का तुझा?
रविवारी ये. येताना ते संपलेलं पाकीट आण."

शेडमध्ये जुनी जावा, साडेतीनशे,
टाकीचा रंग गुडघ्यांच्या जागी उडालेला.
उजवीकडचं झाकण काढलेलं,
दोन्ही प्लग बशीत.
"दोन सिलिंडर, म्हणून पॉइंटच्या जोड्याही दोन,
आणि एकीचं दुसरीला पटत नाही."
भिंगातून दाखवलं:
एका टिकलीवर खड्डा,
समोरचीवर तेवढंच टेंगूळ.
इकडचा धातू तिकडे,
रोज थोडा थोडा, कुणाला न कळता.
बारीक कानशीचे चार हात मारले.
पुठ्ठ्याची पट्टी प्लमच्या दारूत बुडवून पुसलं.
उरलेली दारू वाया घालवायची नाही म्हणाली,
आणि आम्ही घालवली नाही.

नमद्याला तेलाचा एक थेंब. दोन नाही.
फीलर गेजचं चार दशांश मिलिमीटरचं पातं,
जाड पुस्तकातून खुणेची पट्टी ओढावी तसं यायला हवं.
आलं.

"आता कागद."
गोंदाची कड तिनं फाडून टाकली,
गोंद लागला तर ठिणगी उपाशी.
कागद टिकल्यांमध्ये सरकवून टोक माझ्या चिमटीत दिलं.
"हलकं ओढत राहा. फाडू नको."
आणि पान्यानं क्रँक फिरवू लागली,
इतकं सावकाश
की काही फिरतंय असं वाटेना.
कागद धरलेला.
धरलेला.
अजून धरलेला.
शेजारची कोंबडी ओरडली,
माझ्या नाकाला खाज सुटली,
आणि कागद सुटला.

"थांब. इथं पडते ठिणगी.
लोकांना वाटतं, टेकल्या की पडते.
टेकलेल्या असताना नुसता प्रवाह वाहतो, घरातल्यासारखा.
सुटतात तेव्हा पडते."
प्लगच्या भोकात लावलेल्या डायलवर पाहिलं.
केसभर उशीर.
पेचकसानं प्लेट सरकवली, पुन्हा पहिल्यापासून.
चार वेळा. दुसऱ्या जोडीला सहा.
माझा खांदा अवघडला, तिचा नाही.
एक्स-रेच्या टेबलावर ती माणसांना हेच सांगत असणार:
श्वास घ्या. धरा.
धरून ठेवा.
सोडा.

तिसऱ्या किकला गाडी उठली.
निळा धूर शेडभर, माझ्या कोटात, टोपीच्या अस्तरात.
घरी बायकोनं विचारलं,
कुठली भट्टी लावायला गेला होतास?

काल राडिम पुन्हा आला.
मी काही बोललो नाही, कोट काढून हुंगायला दिला.
त्यानं हुंगला. बाही, मग कॉलर.
बाहेर गेला. इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.
परत येऊन काउंटरशी उभा राहिला,
लहान मुलासारखा, सुटे पैसे मुठीत.
म्हणाला, एक पाकीट कागद.

तंबाखू? मी विचारलं.