सुताचा गुंडा

परदेशीपुऱ्यात पिठाच्या चक्कीवर माझा क्लास.
सहाची बॅच, अकरा मुलं, एक पंखा,
आणि खिडकीपाशी खाटेवर भाऊ.
त्यांना एकटं ठेवत नाही.
खाली चक्की सुरू झाली की त्यांना मिल वाटते
आणि ते उठून चपला शोधतात.

इशिका पोरवाल म्हणाली, "सर, क्लू तो दो."
पाच अक्षरांची रिकामी जागा होती.
मी विचारलं, क्लू म्हणजे?
"हिंट."
आणि त्याआधी काय होतं?
त्याआधी काही असू शकतं, हेच त्यांना पटेना.

मग सांगितली ती परदेशी गोष्ट:
वाटा हरवून टाकणारं घर, आत बैलतोंड्या राक्षस,
दाराशी राजाची पोर, तिच्या हातात गुंडा...
वर्ग फुटला. "लड़की के हाथ में गुंडा!"
हिंदीतला गुंडा वेगळा, हे मी विसरलोच होतो.
अरे, सुताचा. सुताचा गुंडा.
जुन्या इंग्रजीत त्यालाच क्लू म्हणत.
सोडत सोडत आत जायचं, गुंडाळत बाहेर यायचं.

गोष्ट इतक्या तोंडांनी सांगितली गेली
की सूत झिजलं, वाट तेवढी उरली.
मग वाट दाखवेल ते सगळं क्लू:
चिखलातला बूट, अर्धी विझलेली विडी,
कोड्यातली उभी-आडवी ओळ.
आता तर शब्द नसण्यापुरताच उरलाय.
मिलची यंत्रं कुणी नेली, विचारा चौकात,
पोरं खांदे उडवतात, "नो क्लू, भिया."

आपल्याकडे मात्र अजून
पोलिसांच्या हाती धागेदोरे लागतात,
सुतावरून माणसं स्वर्ग गाठतात.
असं मी म्हणत होतो, जरा ऐटीतच,
तेव्हा खाटेवरून आवाज आला,
"अभिमन्यूकडे गुंडा नव्हता का?"

वर्ग गप्प. भाऊ महिनाभरात बोलले नव्हते.
"होता," तेच म्हणाले, "पण मधेच आईला झोप लागली.
तिथं तुटला."

अठ्ठावीस वर्षं वाइंडिंग खात्यात.
कानात कापूस, भुवयांवर कापूस,
मिल बंद झाली त्या दिवशीही खिशात कापूस.
पुढं दर रविवारी गेटवर सभा,
तारीख, पुढची तारीख,
यादीत नाव आहे की नाही याची तारीख.
यादव गेले, लोखंडे गेले,
शेवटी पैसे आले तेव्हा भाऊंनी नोटा मोजल्या
आणि विचारलं, "हे कशाचे?"

इशिका खाटेजवळ गेली.
तिच्या कुर्त्याचा एक धागा लोंबत होता.
भाऊंनी तो चिमटीत धरला, न बघता,
तिच्याच ओढणीच्या सुटल्या धाग्याशी जोडला:
अंगठा, तर्जनी, एक वळसा, ओढ.
"बघ. गाठ लागते का बोटाला?"
तिनं चाचपलं. "नहीं, दादाजी."
"लागली असती तर मुकादमानं पगार कापला असता."
मग ती ओढणीसकट बांधली गेल्याचं लक्षात आलं
आणि तीच आधी हसली.
कात्री माझ्या टेबलात होती.

तेव्हापासून शब्दकोश उघडला की
मी अर्थ वाचत नाही, चाचपतो.
सुताचा इशारा कुठं झाला,
कुणाच्या हातून, कुठल्या शतकात दुपारी तीनला,
ती गाठ बोटाला लागत नाही.
चांगल्या कामगाराची असणार.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या.
शब्द वाक्यात वापरायचा होता.
दहा जणांनी चोर पकडले.
इशिकानं लिहिलं होतं, इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात,
की काल क्लू खाटेवरून घरंगळला
आणि जिन्यानं खाली चक्कीत गेला.

परीक्षेत हे चूक धरतील.
मी लाल पेन काढलं.
खाली पट्टा फिरू लागला,
भाऊ उठून बसले,
आणि मी आधी त्यांच्या चपला शोधल्या.