न आलेल्या पुराची वाट

चैत्रात तलाव एवढा आटतो
की मधून चालत गेलं तर कॉलेज सोळा मिनिटं जवळ.
मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, अनुदान वीस टक्के,
आणि रात्री, लाइट असेल तर,
अशा अनंतांचा हिशेब करते
ज्यांच्यापुढे पहिलं अनंत म्हणजे
रोवणीनंतर बांधावर विसरलेली परह्याची पेंढी.

भेगाळलेल्या गाळात सुकरू मारबते बसलेले,
मच्छीमार संस्थेचे माजी सचिव, पायाजवळ सब्बल.
"बाई, रातभर लाइट जळते तुमची. काय मोजता जी?"

कसं सांगावं.
म्हटलं, काका, काही संख्या इतक्या मोठ्या असतात
की त्या आहेत म्हणायचं तर मानावं लागतं,
अख्खं जग उचलून दुसऱ्या जगात ठेवता येतं
आणि एकही खरी गोष्ट खोटी होत नाही.
जो ज्याचा शेजारी तो तिथेही त्याचाच शेजारी,
जे ज्यात मावतं ते तिथेही त्यातच मावतं.
एका खुणेपर्यंत तर कोणी जागचं हलत नाही.
हलते ती खूणच, सगळ्यात आधी, वर.

"मंग?"

मग अडचण.
आपलं जग जर काटकसरीचं असेल,
पायरीपायरीनं सांगून बांधता येतं तेवढंच त्यात,
फाजील एक काडी नाही,
तर हे मोठे त्यात राहू शकत नाहीत.
म्हणून लोकांनी त्यांचं पातळ रूप काढलं.
आभासी म्हणतात त्याला.
हे जग इथलं. ते जगही इथलंच.
फक्त एकातून दुसऱ्यात नेणारी वाट इथे नसते;
ती असते जगाच्या एका वाढीव रूपात,
ज्याचं वर्णन इथे बसून करता येतं,
जाता येत नाही.

सुकरूकाकांनी खर्रा घोटला, बराच वेळ.
मग सब्बलीनं दाखवलं. हा तलाव.
ती दिघोऱ्याची बोडी. मधात पाळ, धुरा, डांबरी रस्ता.
"याच्यातला मासा त्याच्यात कसा जाईल?"
नाही जाणार.
"ज्या रातीला पानी सांडव्यावरून जाते
त्या रातीला जाते. मोठा मोठ्यामागं, लहान लहान्यामागं.
सकारी पानी उतरते. तलाव तलावात, बोडी बोडीत.
वाट दाखव म्हणान तं कुठून दाखवू?
पान्याचीच होती."

जवळपास, मी म्हटलं. पण काका, माझा पूर
आलेलाच नसतो. येणारही नाही.
मला एवढंच सिद्ध करायचं असतं
की आला असता तर वाट असती.

हे काही त्यांना पटलं नाही.
"न आलेल्या पुरावर
संस्थेनं कधी बीज नाही सोडलं,"
असं म्हणत ते उठले आणि दोन भेगांच्या मधे
सब्बल मारली.

ढेकूळ उचललं गेलं. खाली ओल,
आणि ओलीत, काळपट, वाकडी,
कल्ल्याची झडप सावकाश उघडणारी
मरळ.

"रोहू नाही राहत अशा सुक्यात. कटला नाही राहत.
हे राहते."

मी चप्पल हातात घेऊन उभी.
सतरा पानांचं टिपण दोन वर्षांपासून अडलंय
नेमकं त्या जागी, जिथे म्हणायचंय
की काटकसरीच्या जगातही हे राहतात.
आणि हा माणूस
पिशवीचं तोंड उघडून विचारतो आहे,
"घेता का? साडेतीनशे किलो.
तुमाले तीनशे."

रात्री लाइट नव्हती.
मरळ बादलीतच. कापायला धीर झाला नाही,
सोडायला पाणी नाही.
भिंतीला टेकून मी पुन्हा पहिल्यापासून,
वहीशिवाय, बोटानं मांडीवर,
त्या जगातली एकेक पायरी इथूनच चढत गेले.
नवव्या पायरीवर बादलीत
काहीतरी फडफडलं,
आणि आकडा विसरले.