एकास सत्त्याऐंशी

या देशात रूळ नाहीत.
फहाहीलच्या आमच्या खोलीत मात्र
एकशे शहाण्णव पूर्णांक आठ मिलिमीटर लांबीचं
एक डिझेल इंजिन
चार वर्षं तयार होत होतं.

दिवसा मी शुऐबाला प्रेशर गेज तपासतो.
काटा शून्यावर बसला, की हिरवं स्टिकर,
नाही बसला, की तांबडं.
रात्री तेच कॅलिपर पुसून खोलीवर आणतो.
फोरमनला ठाऊक आहे. बोलत नाही.

खिडक्यांच्या चौकटी पितळी पत्र्याच्या,
हातकठडे गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचे.
रेडिएटरच्या जाळीसाठी गाळणी कापली
तेव्हा रोमेल तीन दिवस
चोथ्यासकट चहा प्यायला.

बोगीचं सांगायला हवं.
तीन आस, पण सारख्या अंतरावर नाहीत:
दोन जवळजवळ, तिसरा जरा फटकून,
पंगतीत रुसून बसलेल्या भावासारखा.
तयार मॉडेल एकदा मागवलं होतं,
त्यात तिघेही शहाण्यासारखे.
पुन्हा पेटीत घातलं.

रोमेल गॅरेजात गाड्या रंगवतो.
"तांबडा, पण कोणता?"
मी म्हटलं, गेरूचा. गेरू म्हणजे काय?
कुंडीचा म्हटलं, तर इथल्या कुंड्या प्लास्टिकच्या.
शेवटी मिरजेला दस्तगीरचाचांना फोन लावला,
ज्यांनी ते अडतीस वर्षं चालवलं.
"वाळल्या मिरचीचा," ते म्हणाले, "पण गेल्या सालच्या."
रोमेलनं पावशेर मिरची आणून गच्चीवर टाकली.
इथल्या उन्हानं वर्षाचं काम
आठ दिवसांत उरकलं.

मे महिन्यात धुळीचं वादळ आलं.
ओल्या फडक्यांनी फटी बुजवल्या,
तरी सकाळी टपावर पिवळट थर.
फुंकण्याआधी मी हिशेब केला:
सगळं लहान करता येतं, धूळ नाही.
हा एवढासा कण, गुणिले सत्त्याऐंशी,
म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यात
हरभऱ्याएवढा खडा.

सुट्टीत मांडीवर धरून मिरजेला नेलं.
चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशन दिवाळीनंतर, मग उरुसानंतर,
मग बघू.
त्यांनी ते हातात घेतलं नाही.
टेबलावर ठेव म्हणाले, आणि बोटं
लांब नाकावरून, टपावरून, केबिनच्या दारावरून
हळूहळू खाली आणली.
मी श्वास धरून.

"झ्याक केलंय. पण हे माझं न्हवं."

मी आकडे सांगायला लागलो.

"आरं, डाव्या अंगाची खालची पायरी सरळ हाय तुझी.
किर्लोस्करवाडीच्या अलीकडं म्हैस आडवी आल्ती,
तवापासनं ती आत वाकल्याली.
शेडवाल्यांनी नीट केली न्हाई,
मीबी कधी सांगितलं न्हाई.
रात्री अंधारात पाय टाकला की कळायचं,
आपलंच इंजन हाय."

मग चहा आला. बिस्किटं आली.
नातवानं विचारलं, हे पळतं का?
नाही म्हटल्यावर तो खेळायला गेला.

परत येताना विमानतळावर
अधिकाऱ्यानं डबा उघडायला लावला.
"कितार?" म्हणाला,
आणि एका बोटानं स्टीलच्या टेबलावर
वीतभर ढकललं. परत मागे घेतलं.
मग एकदम गंभीर होऊन
पासपोर्टवर शिक्का मारायला सांगितलं.

काल रात्री चिमटा घेऊन बसलो.
पायरी दीड मिलिमीटरपेक्षा कमी रुंद.
किती वाकवायची?
चाचांनी तळहात तिरका करून दाखवलं होतं,
त्याचा आकडा माझ्याकडे नाही.
"बरी होती की," रोमेल पलंगावरून म्हणाला
आणि भिंतीकडे वळला.

दाबलं. थांबलो.
आणखी किंचित दाबलं.
मग दिवा घालवला
आणि बोट लावून पाहिलं.