मा फी

त्रिपोलीत (लेबननच्या, लिबियाच्या नव्हे)
'नाही'ला म्हणतात मा फी.
मराठी कानाला वाटतं
दुकानदार क्षमाच मागतोय.

सकाळपासून इब्तिहाजने
आठ दुकानांतून ही क्षमा गोळा केली.
घड्याळाच्या मनोऱ्याजवळचा पोरगा
मोबाइलवरून मानही वर न करता, मा फी.
इस्पितळासमोर शटर अर्धं,
आतून झाडूचा आवाज, आणि मा फी.
हिकमतने मात्र, चाळीस वर्षांची ओळख,
खणच उपसला आणि काउंटरवर पालथा केला.
एक रबरबँड पडला. एक वाळकी माशी.
"बघ बाई. मलाच डोकेदुखीची गोळी मिळेना."

पर्समध्ये रिकामं खोकं आहे,
नाव विसरू नये म्हणून घेतलेलं.
अम्लोडिपिन, पाच.
नाव आता नमाजासारखं तोंडात बसलंय,
खोकं ती उगाच वागवते.

घरी वजीह.
ज्याच्या वस्तऱ्याखाली तीन नगराध्यक्ष
गळा उघडा टाकून निवांत डुलकी घ्यायचे, तो.
गेल्या आठवड्यात त्याच हाताने
त्याने गोळीचे दोन केले,
परवा चार.
चौथ्याची पूडच झाली,
ती बोट ओलं करून टिपली त्याने
बशीतली साखर टिपावी तशी.

दंडावर पट्टी फुगते, उसासा टाकते.
वरचा एकशे ब्याऐंशी. खालचा ती वाचत नाही.
"किती?"
"सेल उतरलेत. काहीच्या बाही दाखवतंय."

मर्सिनच्या बोटीवर कोणी खलाशी आहे म्हणतात,
तो आणतो. नाव तुर्की, औषध तेच.
बोट शुक्रवारी. नाहीतर पुढच्या शुक्रवारी.
भाव डॉलरमध्ये,
आणि वजीहच्या गल्ल्यात लिरे,
जे हल्ली मोजत नाहीत, वजन करतात
असं तोच हसत सांगतो.

लिफ्ट मेलेली, जिन्यात अंधार.
दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला ती थांबली
आणि तोंडातून निघून गेलं,
सलवा, तुझ्याकडे नसेलच ना गं?

सलवा दारात जरा वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, "फी."
आहे.
दिवसभरात पहिल्यांदा तो शब्द
पुढच्या 'मा'शिवाय आला.

नदीमला जाऊन एकावन्न दिवस.
त्याच्या चष्म्याच्या डबीत अकरा गोळ्या,
मुदतीला अजून चार महिने.
मागच्या चांदीवर निळ्या पेनाने
उजवीकडून डावीकडे लिहिलेले वार,
कारण तो विसरायचा.
औषध घेतलं की नाही, ते.
सोंगट्यांच्या डावात पाळी कोणाची, ते.
आणि काल हरलं कोण, ते तर मुद्दामच.

इब्तिहाज पर्स उघडू लागली.
सलवाने पर्सवर हात ठेवला.
"पैसे नकोत. पाकीट तेवढं परत दे.
आणि वजीहला सांग, फोडताना
अक्षर जपून."
एवढीच तिची फी.

रात्री मोबाइलच्या उजेडात
वजीहने वस्तरा काढला, चामड्यावर दोनदा फिरवला,
आणि चांदीची एकच कड
अशी उकलली की शाई शहारलीसुद्धा नाही.
"मंगळवार," त्याने वाचलं.
"आज गुरुवार आहे," इब्तिहाज म्हणाली.

तो गोळी तळहातावर घेऊन बसून राहिला.
"म्हणजे सोमवारची घेतली होती त्याने.
आठवणीनं."

बाहेर कुणाचं तरी जनरेटर अडखळलं, पुन्हा लागलं.
"पाणी आण," वजीह म्हणाला,
"पाळी माझी आहे."

गिळल्यावर त्याने ते इवलं दार
अंगठ्याने दाबून
परत लावून घेतलं.