दगड होता तसा

या बेटावर साप नाही, ब्लॅकेट म्हातारा म्हणाला.
होता एक. मुंगसांनी संपवला,
माझ्या आज्याच्याही आधी.
मग व्हर्लीनपुढं मॉबीचा पेला ठेवला,
झाडाच्या सालीचं कडूजार सरबत,
आणि ती पिऊन तोंड वाकडं करत नाही हे पाहून
उतरणीची वाट दाखवली.

बार्बाडोसभर ऊस, साडेतीनशे वर्षांचा.
इथं मात्र बैलाचा पाय ठरला नाही,
नांगर घसरला, मुकादम शिव्या देत परत गेला,
म्हणून एवढं रान राहिलं.
सव्वा एकर. त्यातही अर्धा कडा.

व्हर्लीन गिटन्स तिथं दगड उलटते,
मंगळवारी आणि शुक्रवारी,
गुडघ्यांना गोणपाट बांधून.
खाली असतं ते असतं:
ओल, पांढरी मुळं, घाईत निघालेली गोम,
कुणा मडमेच्या फुटक्या बशीचा निळा तुकडा.
बघायचं, लिहायचं,
आणि दगड होता तसा ठेवायचा.
होता तसा म्हणजे तसाच,
शेवाळाची बाजू शेवाळाकडे.

चौदा महिन्यांत अकरा वेळा तिचं काळीज हललं
आणि अकराही वेळा निघाला वाळा.
हो, आपलाच,
न्हाणीच्या मोरीतून वर येणारा,
क्रोटनच्या कुंडीत बसून दर्या ओलांडून गेलेला.
त्यांच्यात नर नसतोच.
एक बाई उतरली की वसाहत झाली.
व्हर्लीन वहीत फुली मारते.
वाळ्यावर तिचा राग नाही.
मुंगूसही तिकडचंच, एवढं एकदा बोलली फक्त.

आणि बाराव्या वेळी ती नव्हतीच तिथं.
म्हाताऱ्याला मेंढी बांधायची होती.
खुंटी ठोकायला हाताशी आला तो दगड उचलला
आणि खाली गांडूळ.
पण गांडूळ असं अंग चोरत नाही.
गांडुळाला असली चकाकी नसते.
शेवयांच्या ताटातून निसटलेली एक शेवई
मातीत आठचा आकडा काढून थांबली होती.

त्यानं हाक मारली. ती कड्यापलीकडे.
दगड खाली टाकावा तर कुठं,
म्हणून धरूनच राहिला,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
दोन्ही हात छातीपाशी,
चर्चमध्ये दानपेटी धरतात तसा.

ती आली. पालथी पडली. भिंग लावलं.
पाठीवर दोन पिवळट रेघा.
वाळ्याला त्या नसतात.
आणि शेजारी एक अंडं,
लांबट, तांदळाच्या दाण्यासारखं.
एकच. दुसरं पोटात मावतच नाही.

विषारी आहे का? त्यानं वरून विचारलं.
तोंड उघडलं तर मुंगीची अळी जाते आत, ती म्हणाली,
तीही लहान असेल तर.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
ती मोजत होती, चित्र काढत होती,
कागदावर घाम पडू नये म्हणून मान तिरकी.
त्याचे कोपर थरथरायला लागले.
ठेवू? म्हणाला.
थांबा, म्हणाली.
ठेवू का आता?
थोडं डावीकडं. अजून. शेवाळ तुमच्याकडं.
असं.

मेंढी तोवर गेली होती.
उसात कुठंतरी ओरडत होती,
आणि ब्लॅकेट तिला आणायला निघाला
तेव्हा पाऊल टाकण्याआधी
दर वेळी खाली बघत होता.